आधी ओल मोजा, मग औषधाचे बोला

“काका, औषध टाकलं होतं ना? मग हे सोंडे आले कुठून?”

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात गावी गेलो असताना माझ्या पुतण्याने मला हा प्रश्न विचारला. आमचे गाव आमगाव तालुक्यात आहे. गोंदिया जिल्ह्यातील बहुतेक घरांप्रमाणे आमच्याकडेही शेती म्हणजे धान. पुढच्या खरिपासाठी बियाणे म्हणून कणगीत भरून ठेवलेले धान त्याने मूठभर काढून माझ्या तळहातावर ठेवले. दाण्यांना बारीक गोल भोके पडली होती. हाताला पिठूळ भुकटी लागत होती, आणि दोन-तीन सोंडे माझ्या मनगटाकडे चालू लागले होते. कणगीचे तोंड उघडताच भुरकट रंगाचे बारीक पतंगही उडाले.

थोरल्या भावाचे उत्तर तयारच होते. “औषधच बोगस दिलं त्या दुकानदारानं.”

पण गंमत अशी, की शेजाऱ्यांनीही त्याच दुकानातून, त्याच दिवशी, त्याच खोक्यातली पुडी आणली होती आणि तेवढ्याच प्रमाणात वापरली होती. त्यांचे बियाणे मात्र स्वच्छ होते. मग फरक कुठे होता? फरक औषधात नव्हता, दाण्यात होता. शेजाऱ्यांचे धान हलके, म्हणजे लवकर येणारे. ते पावसाच्या आधीच कापून झाले, मळून झाले आणि अंगणात चार कडक उन्हे खाऊन कोठीत गेले. आमचे धान भारी. ते कापून बांधीत कडपा पडलेल्या असतानाच ऑक्टोबरच्या अखेरीस अवकाळी पाऊस आला. पुढच्या पावसाच्या धास्तीने घाईघाईने मळणी केली, धान कणगीत भरले, वर औषधाची भुकटी टाकली आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

एका कणगीवरून नियम सिद्ध होत नाही, हे तुम्ही मला लगेच सांगाल, आणि ते बरोबरच आहे. शेजाऱ्यांची कोठी वेगळी, धानाचे वाण वेगळे. शिवाय आमच्या कणगीच्या भेगांत मागल्या वर्षीचे सोंडे दडून बसले असणेही शक्य होते. परंतु या एका प्रसंगाने जो प्रश्न उभा केला त्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत फार पूर्वीच शोधून ठेवलेले आहे. ते आपल्या धानपट्ट्यात शाळाशाळांत शिकवले जायला हवे, असे माझे मत आहे. म्हणून हा लेख.

ओल म्हणजे नेमके काय?

धान्य कोरडे दिसते म्हणून ते कोरडे असते असे नाही. धान कापणीला येते तेव्हा त्याच्या वजनाचा सुमारे २० ते २४ टक्के भाग पाण्याचा असतो. म्हणजे १०० किलो धानात २० ते २४ किलो पाणीच! हे पाणी हाताला लागत नाही, कारण ते दाण्यातील पिष्ट आणि प्रथिने यांनी धरून ठेवलेले असते. दाणा जसजसा वाळतो तसतसे सैल धरलेले पाणी आधी निघून जाते आणि घट्ट धरलेले मागे राहते. त्यामुळे १७ टक्के ओलीचा दाणा आणि ११ टक्के ओलीचा दाणा यांच्यातील फरक केवळ सहा टक्क्यांचा नाही. पहिल्यात मोकळेपणाने हालचाल करू शकणारे पाणी पुष्कळ आहे, दुसऱ्यात ते फार थोडे आहे.

हे मोकळे पाणी किती आहे ते कसे ओळखावे? एका बंद डब्यात धान भरून ठेवा. दाणे आणि त्यांच्यामधली हवा यांच्यात पाण्याच्या वाफेची देवाणघेवाण होऊन काही काळाने समतोल साधतो. त्या वेळी डब्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता हेच मोकळ्या पाण्याचे माप. सामान्य उष्णतामानाला धानात ११ टक्क्यांच्या आसपास ओल असली तर आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्के होते. १४ टक्के ओल असली तर ती ७५ टक्क्यांच्या जवळ जाते आणि १७ टक्क्यांना सुमारे ८५ टक्के होते. हे तीन आकडे लक्षात ठेवा. पुढचे सारे गणित त्यांच्यावर उभे आहे.

औषधालाही आयुष्य असते

किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या धड्यात तुम्ही अर्धायुकाल ही कल्पना वाचली असेल किंवा पुढे वाचाल. मूळ पदार्थ निम्मा उरायला जो काळ लागतो तो अर्धायुकाल. तेवढाच काळ आणखी गेला की पाव भाग उरतो, मग अष्टमांश, मग षोडशांश. धान्यावरील कीटकनाशकेही साधारणपणे याच नियमाने कमी होत जातात. मात्र एक मोठा फरक आहे. रेडियमला तापवा, थंड करा, पाण्यात बुडवा. त्याचा अर्धायुकाल जराही बदलत नाही. कीटकनाशकाचा अर्धायुकाल मात्र ओल आणि उष्णता यांच्या हाती असतो.

१९७९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील डेस्मार्चेलिए आणि बेंगस्टन या शास्त्रज्ञांनी अनेक औषधांचे असे अर्धायुकाल मांडले. ३० अंश सेल्सिअस उष्णतामान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना मॅलॅथिऑनचा अर्धायुकाल १२ आठवडे आहे, असे त्यांना आढळले. फेनिट्रोथिऑनचा १४ आठवडे, पिरिमिफॉस-मिथिलचा तब्बल ७० आठवडे आणि डायक्लोरव्हॉसचा जेमतेम दोन आठवडे. (डायक्लोरव्हॉस एके काळी आपल्याकडे गोदामांत सर्रास फवारले जाई. ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर भारतात बंदी आहे.) त्यांनी शोधलेला नियम सुटसुटीत आहे: दाण्यांमधील हवेची सापेक्ष आर्द्रता जितक्या पट वाढते तितक्या पट औषध नाहीसे होण्याचा वेग वाढतो.

आता आपण आपल्या धानाचे गणित करू. उष्णतामान ३० अंश धरा आणि मॅलॅथिऑनचे १०० भाग टाकले असे समजा. ११ टक्के ओलीच्या धानात अर्धायुकाल १२ आठवडे. म्हणून २४ आठवड्यांनी २५ भाग उरतील. १४ टक्के ओलीच्या धानात आर्द्रता दीडपट, म्हणून अर्धायुकाल आठ आठवडे. २४ आठवड्यांनी साडेबारा भाग उरतील. १७ टक्के ओलीच्या धानात अर्धायुकाल सुमारे सात आठवडे; २४ आठवड्यांनी नऊच्या आसपास भाग उरतील. पुडी तीच, प्रमाण तेच, दुकानदारही तोच. दिवाळीनंतर टाकलेल्या औषधापैकी उन्हाळ्यात कुणाकडे चौथा हिस्सा शिल्लक आहे आणि कुणाकडे दहावाही नाही.

असे का व्हावे? मॅलॅथिऑनचा रेणू पाण्याच्या संपर्कात फुटतो. शिवाय दाणा हा दगड नाही, तो सजीव आहे. त्याच्या अंगी असलेली विकरे या रेणूचे तुकडे करतात, आणि दाण्यात मोकळे पाणी जितके जास्त तितकी ती विकरे अधिक कार्यक्षम असतात. तेव्हा औषध कीटकाला मारण्याआधी दाणाच त्याला पचवून टाकतो, असे म्हटले तरी चालेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. उष्णतेचा परिणाम ओलीपेक्षाही मोठा आहे. उष्णतामान १० अंशांनी वाढले की मॅलॅथिऑन नाहीसे होण्याचा वेग सुमारे तिप्पट होतो. आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते मी तुम्हांला सांगायला नको. “मग ओलीचेच एवढे कौतुक कशाला?” असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की मे महिना आपल्या हातात नाही, पण धान वाळवणे आहे. दुसरे असे, की ओल आपल्याबरोबर उष्णताही घेऊन येते. ती कशी, ते आता पाहू.

सोंड्याची बाजू

आतापर्यंत औषधाची बाजू पाहिली. आता किडीची पाहू. तांदळातील सोंडा दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो आणि वरून ते भोक बुजवून टाकतो. अळी आतच वाढते. म्हणून वरून धान निर्मळ दिसत असतानाही आत संसार थाटलेला असतो. ३० अंशांच्या आसपास उष्णतामान आणि १४ टक्क्यांच्या आसपास ओल ही त्याची आवडती परिस्थिती. अशा वेळी महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते, आणि एक मादी तीनशेवर अंडी घालू शकते. उलट दाण्यातील ओल १० टक्क्यांच्या खाली गेली की त्याचे प्रजनन जवळजवळ थांबते.

कीड श्वसन करते म्हणजे काय करते? दाण्यातील पिष्ट जाळते. त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता तयार होते. एक ग्रॅम पिष्ट पूर्ण जळले की अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक पाणी निर्माण होते. (समीकरण मांडून रेणुभारांवरून हा आकडा स्वतः काढून पाहा.) ढिगाच्या मध्यभागी ही उष्णता अडकून पडते, कारण धान हे उष्णतेचे फार मंद वाहक आहे. कीड वाढलेल्या कणगीत हात खोल खुपसला तर आत ऊब लागते, ती यामुळेच. म्हणजे ओलीने कीड वाढते, किडीने ओल आणि उष्णता वाढते, आणि ओल व उष्णता मिळून औषध खाऊन टाकतात. हे चक्र एकदा फिरू लागले की वरून कितीही भुकटी टाका, उपयोग थोडाच.

सर्वच किडींना ओल लागते असे मात्र समजू नका. खपरा भुंगेऱ्याची अळी अगदी खडखडीत कोरड्या धान्यातही तग धरते. दाणे पोखरणारा लहान भुंगेराही सोंड्यापेक्षा कोरडेपणा जास्त सहन करतो. तेव्हा धान्य वाळवले म्हणजे सर्व काम संपले, असे मी म्हणणार नाही. पण वाळवल्यावाचून कोणतेच काम नीट सुरू होत नाही, हे निश्चित.

आपल्या आज्या धान्यात चुलीची राख मिसळीत. त्यामागेही पाण्याचेच शास्त्र आहे. कीटकाच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. तो त्याच्या शरीरातील पाणी आत राखतो. राखेसारखी बारीक भुकटी हा थर खरवडते किंवा शोषून घेते, आणि कीटक सुकून मरतो. पण कीटकाच्या शरीरातील पाणी उडून जायला भोवतालची हवा कोरडी हवी. ओल्या धान्यात ही राखही निकामी ठरते.

गोळीचे गणित निराळे

आमच्या कणगीचा प्रसंग अजून संपलेला नाही. औषध बोगस ठरवून झाल्यावर घरात दोन सूचना पुढे आल्या. पहिली, भुकटी दुप्पट टाकू. दुसरी, ‘गॅसच्या गोळ्या’ आणून कणगीत ठेवू. ही दुसरी सूचना ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कारण कणगी होती माजघरात आणि पलीकडच्या खोलीत मुले झोपत. मधली भिंत मातीची, तिला भेगा.

या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील आणि धान्यातील पाण्याच्या वाफेशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फीन वायू बाहेर पडतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फीन. म्हणजे येथे पाणी हे औषधाचे शत्रू नाही, ते त्याची किल्ली आहे. फार कोरड्या आणि थंड धान्यात हा वायू सावकाश सुटतो, म्हणून गोदाम अधिक दिवस बंद ठेवावे लागते. ओल्या धान्यात तो भराभर सुटतो. पण ओले धान्य त्यातला काही वायू स्वतःच शोषून घेते. आणि मुख्य म्हणजे वायू निघून गेल्यावर मागे कसलेच संरक्षण उरत नाही. धान ओले असेल तर बाहेरून येणाऱ्या नव्या किडीला तो तयार पाहुणचारच असतो.

फॉस्फीन हा माणसासाठीही जीवघेणा वायू आहे, आणि त्यावर उतारा नाही. म्हणूनच भारतात ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वापर निर्बंधित आहे. तो शासकीय संस्था किंवा कीडनियंत्रणाचा परवाना असलेले लोक यांनी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि हवाबंद केलेल्या जागेतच करायचा असतो. तरीही घरातल्या धान्यात या गोळ्या ठेवल्यामुळे शेजारच्या खोलीत झोपलेली माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत. मुलांनो, तुमच्या घरी कोणी अशा गोळ्या आणल्याचे दिसले तर लहान तोंडी मोठा घास वाटला तरी बोला. या बाबतीत गप्प बसू नका.

आपले चुकते कुठे?

माझ्या मते आपली चूक एका शब्दात आहे. आपण कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. औषध म्हटले की रोग हटला नाही तर मात्रा वाढवावी, असे मनात येतेच. पण येथे मात्रा वाढवून फारसे साधत नाही. अर्धायुकालाचे गणित पुन्हा करून पाहा. मॅलॅथिऑन दुप्पट टाकले तर ते फक्त एक अर्धायुकाल जास्त पुरेल. म्हणजे १७ टक्के ओलीच्या धानात दुप्पट विषाने आपण सात आठवडे विकत घेतले. तेवढ्यासाठी घरातल्या माणसांच्या हाताला, श्वासाला आणि कदाचित ताटाला दुप्पट विष लागले. औषध लावलेले बियाणे खायचे नसते, हे वेष्टनावर लिहिलेले असते. पण टंचाईच्या दिवसांत घरातली कोणती कणगी बियाण्याची आणि कोणती खाण्याची, ही सीमा किती पाळली जाते?

“मग पिरिमिफॉस-मिथिलसारखे जास्त टिकणारे औषध का वापरू नये?” हा प्रश्न हुशार विद्यार्थी नक्की विचारील. गोदामांच्या भिंती आणि जमीन यांच्यासाठी टिकाऊ औषध सोयीचे असते, हे खरे. परंतु धान्यावर जे वर्षभर टिकते ते ताटापर्यंतही टिकते. टिकाऊपणा हा गुण आहे की दोष, हे आपण त्या वेळी कोणाच्या बाजूने पाहतो यावर अवलंबून आहे.

अर्धवट उरलेल्या औषधाचा आणखी एक तोटा आहे. पूर्ण मात्रेत बहुतेक सर्व कीटक मरतात. मात्रा घसरून दहाव्या हिश्शावर आली की फक्त दुबळे मरतात. काटक उरतात आणि त्यांचीच संतती वाढते. जागतिक अन्न व शेती संघटनेने १९७२-७३ साली जगभरातून धान्यकिडी गोळा करून त्यांची पाहणी केली. १९७६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिठातील तांबडा भुंगेरा अनेक देशांत मॅलॅथिऑनला दाद देईनासा झाला आहे, हे त्यातून दिसून आले. त्या वेळी जगाला मिळालेला हा इशारा होता. प्रत्येक ओली कणगी ही अशा काटक किडींची शाळाच असते.

आता शेतकऱ्याला दोष देण्याआधी त्याच्या बाजूचेही गणित मांडू. १७ टक्के ओलीचे १०० किलो धान घ्या. त्यात कोरडा भाग ८३ किलो. ते १४ टक्क्यांपर्यंत वाळवले तर नवे वजन ८३ भागिले ०.८६, म्हणजे सुमारे साडेशहाण्णव किलो. साडेतीन किलो पाणी उडून गेले. शासकीय धान खरेदीत ओलीची मर्यादा १७ टक्के आहे, आणि त्या मर्यादेच्या आत आधारभूत किंमत एकच. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाची ही किंमत क्विंटलला २३६९ रुपये होती. म्हणजे ज्याने चार दिवस अंगणात राबून धान अधिक वाळवले त्याने क्विंटलमागे सुमारे ८३ रुपये वाऱ्यावर सोडले! शहाणपण करणाऱ्याला दंड आणि ओले विकणाऱ्याला पूर्ण भाव, असा हा हिशेब आहे. जो धान १४ टक्क्यांपर्यंत वाळवून आणील त्याला त्या उडालेल्या पाण्याइतका तरी जादा भाव मिळाला पाहिजे. गोदामात पुढे फवारणीवर, धुरीवर आणि नासाडीवर जो खर्च होतो तो पाहता हे पैसे वाया जाणारे नाहीत, असे मला वाटते.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न वर्षातून दोनदा येतो. खरिपाचे धान दिवाळीच्या सुमारास अवकाळी पावसात सापडते आणि उन्हाळी धान मे-जूनमध्ये मृगाच्या तोंडावर घरी येते. त्यानंतर पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. वाळवलेले धानही उघड्या बारदान्यात ठेवले तर ते हवेतून पुन्हा ओल पिते. म्हणून वाळवणे हे अर्धे काम. वाळवलेले धान घट्ट झाकणाच्या कोठीत, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर ठेवणे हे उरलेले अर्धे. वाळवताना मात्र बेताने. कडक उन्हात जाड थर न हलवता तापू दिला, किंवा वाळलेले धान पुन्हा भिजले, तर दाण्याला आतून तडे जातात आणि गिरणीत तांदळाऐवजी कणीच जास्त मिळते.

मिठाची बाटली

ओल मोजायची कशी? धान खरेदी केंद्रावर तुम्ही आर्द्रतामापक पाहिला असेल. त्याच्या अनेक प्रकारांत धान्य एका धारित्राच्या दोन पट्ट्यांमध्ये येते. कोरड्या पिष्टाच्या मानाने पाण्याचा विद्युत् अपारक स्थिरांक फार मोठा, सुमारे ८० आहे. म्हणून थोडीशी ओल वाढली तरी धारित्राची विद्युत्-धारणा चांगलीच वाढते आणि काटा हलतो.

हे यंत्र प्रत्येक घरी असणार नाही. पण प्रत्येक घरी मीठ असते, आणि मीठ हे निसर्गाने दिलेले फार सुंदर आर्द्रतामापक आहे. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांखाली असेतोवर कोरडे राहते. तिच्या वर गेली की पाणी शोषून ओले होऊ लागते. आणि ७५ टक्के आर्द्रता म्हणजे धानातील किती ओल? वर सांगितलेले आकडे आठवा: सुमारे १४ टक्के! कणगी भरावी की नाही, याची सीमारेषा नेमकी तीच.

प्रयोग असा करा. काचेची रुंद तोंडाची, झाकणाची बाटली धुऊन उन्हात पूर्ण कोरडी करा. पाकिटातले बारीक मीठ तव्यावर भाजून, झाकून थंड करा. (खडेमीठ घेऊ नका. त्यातील मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ आधीच पाणी धरतात आणि निष्कर्ष चुकतो.) बाटलीत दोन चमचे मीठ घाला, एक तृतीयांश भरेल इतके धान घाला, झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवा आणि पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिले तर धानात १५ टक्क्यांहून अधिक ओल आहे. त्याला आणखी उन्हे द्या. मीठ मोकळे खाली पडले तर धान काही महिने साठवण्याजोगे आहे. बियाण्यासाठी मात्र याहून कोरडे हवे. प्रमाणित बियाण्याच्या धानात १३ टक्क्यांपर्यंतच ओल चालते.

शिक्षकांना माझी विनंती आहे. आठवी-नववीच्या वर्गात हा प्रयोग नोव्हेंबर महिन्यात घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याला घरून मूठभर धान बंद पिशवीत आणायला सांगा. गाव, वाण, मळणीचा दिवस आणि किती उन्हे दिली, हे फळ्यावर लिहा. मीठ चिकटले की नाही, ते पुढच्या रकान्यात लिहा. मार्चमध्ये त्याच घरांतून पुन्हा मूठभर धान मागवा आणि भोके पडलेले दाणे मोजा. शंभर घरांची अशी नोंद झाली तर ती आमच्या एका कणगीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाची ठरेल. निष्कर्ष माझ्या म्हणण्याविरुद्ध निघाला तर तोही तितक्याच आनंदाने मांडा.

आमच्या घरी त्या वर्षी काय झाले? ते बियाणे काही वाचले नाही. किडलेले, औषध लागलेले धान जनावरांनाही घालता येईना. ते खोल खड्ड्यात पुरावे लागले. बियाणे विकत आणले. कणगीच्या भेगा बुजवून ती आतून-बाहेरून सारवून घेतली आणि उन्हात तापवली. पुढच्या दिवाळीनंतर पुतण्याने स्वतः मिठाची बाटली केली. पहिल्या दिवशी मीठ चिकटले, तिसऱ्या दिवशी थोडे चिकटले, पाचव्या दिवशी सरसर खाली आले. तेव्हाच कणगी भरली. भावाने बाटली हातात घेऊन दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता ती कणगीवरच्या कोनाड्यात नीट ठेवून दिली. ती बाटली अजून तिथेच आहे.